वळणावरचा शब्द

गोमतीच्या बंध्यावर, पूर अडवणाऱ्या मातीच्या उंच बांधावर, सायकल चढली की मराठीच बोलायचं, असा नियम निरंजनने दिवाळीनंतर घातला होता. जूनमध्ये बँकेतून त्याची साताऱ्याला बदली व्हायची होती. आणि त्याची मुलगी पूर्वा, जिची चौदाही वर्षं इथल्या हिंदी मुलखात, निशातगंजच्या एकाच गल्लीत गेली होती, मराठी सगळं समजून उत्तर मात्र हिंदीत देत असे. घरी त्याच्या बायकोने, देविकाने, हात टेकले होते. "तिथं शाळेत पोरी हिची टिंगल करतील," एवढंच ती म्हणे. घरात आई हरली होती. बापाकडे रविवारची सकाळ आणि हा बंधा उरला होता.

खरं तर ती वाट कुणी कुणाला काही शिकवावं अशी नव्हतीच. पुलाजवळच्या चढावरून वर आलं की शहर झोपेतल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण सरकावं तसं बाजूला सरके. एका हाताला नदी, तिच्या काठी धोब्यांनी वाळत घातलेल्या चादरी. दुसऱ्या हाताला मोहरीचे पिवळे पट्टे, आणि दोन्ही उतारांवर माणसाला झाकून टाकील असं सरपताचं गवत. वरची माती इतकी सपाट, की पाय चालताहेत याचा विसर पडावा. आठवडाभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळणारा निरंजन इथं स्वतःची एकच लांब, न तुटणारी रेघ ओढत जाई. घरात मोजकं बोलणारी पूर्वा इथं नकळत गुणगुणे. त्या गुणगुणण्यासाठी तो पहाटे उठत असे, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

शहाण्णव सालच्या जानेवारीतल्या त्या रविवारी धुकं नदीवरून उठून बंध्यावर येऊन बसलं होतं. अशा वेळी वळणावर पुढच्याने पलीकडचा रस्ता बघून मागच्याला हाक द्यायची, हा दोघांमधला जुना संकेत होता. समोरून दुधाच्या कॅन लावलेल्या सायकली येत, म्हशी येत.

"खाली," पूर्वाने पहिल्या वळणावरून हाक दिली.

"मोकळा," निरंजन तिला गाठत म्हणाला. "रस्ता मोकळा. आपल्यात खाली म्हणजे तिकडं, उताराच्या तळाशी."

"सब समझते हैं, बाबा।"

"साताऱ्यात नाही समजणार."

"तो सातारावाले कोहरे में साइकिल न चलाएँ।"

त्याला हसू आलं होतं. ते त्याने दाबलं आणि त्याची जागा भलत्याच कोरड्या आवाजाने घेतली. "मोकळा म्हण. नाहीतर पुढच्या रविवारपासून हे बंद."

तिने एक पाय जमिनीला टेकला. लोकरी टोपीखालचा तिचा चेहरा थंडीने लाल झाला होता. "आपको साइकिल चलानी है कि क्लास लेनी है?" असं हळूच विचारून तिने पेडल मारलं. तिचा लाल स्वेटर आधी गुलाबी झाला, मग राखाडी, मग धुकंच झाला.

निरंजन जागीच थांबला. बंद, हा शब्द आपण इतक्या सहज कसा उच्चारला, याचं त्याला नवल वाटत होतं. जणू नदी त्याच्या मालकीची होती.

तेवढ्यात पाठीमागून जमीन थरथरली.

दिवे नसलेला ट्रॅक्टर धुक्यातून एकदम बाहेर आला, मागे मातीने भरलेली ट्रॉली. "बच के, बाबूजी," चालक ओरडला, पण वेग कमी झाला नाही. निरंजन सायकलसकट उतारावर झोकला गेला. गवताने हात कापले. ट्रॉलीची चाकं वाटेच्या दोन्ही कडांना घासत गेली. बाजूला माणूस उभा राहील एवढीही जागा नव्हती. आणि ती पूर्वाच्या दिशेने गेली होती.

तो हातापायांवर रांगत वर चढला आणि सगळ्या छातीनिशी ओरडला. "पूर्वा, खाली. खाली उतर."

इंजिनाने 'उतर' हा शब्द गिळला. 'खाली' तेवढा पोचला.

धुक्यातून उत्तर आलं. "खाली?" आणि पाठोपाठ घंटीचे खणखणीत ठोके, साखळीची भरधाव किरकिर. त्या आवाजात आनंद होता. बाप अखेर तिच्या भाषेत बोलला होता. वाट मोकळी होती. ती मधोमध, पूर्ण वेगाने निघाली होती.

निरंजन धावत सुटला. तोंडात शब्द होते आणि सगळे चुकीचे होते. आपलीच हाक आपल्या मुलीला ट्रॅक्टरपुढे ढकलते आहे, हे त्याला धावता धावता कळत होतं. जबडा जणू कुणी मूठ मारून उघडला.

"नीचे," तो किंचाळला. "पूर्वा, नीचे उतर। ट्रैक्टर है। नीचे।"

घंटी थांबली. इंजिन मात्र तसंच घरघरत पुढे गेलं, लहान होत गेलं, पुसलं गेलं. मग नदीचाही आवाज राहिला नाही.

तो पळत राहिला. चिखलात चाकांचे ताजे ठसे होते; त्यांच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून तो पळत होता.

"बाबा।"

आवाज उजवीकडून, खालून आला. मोडलेल्या सरपतात ती बसली होती, टोपी नाहीशी, कोपर सोललेलं. शेजारी आडव्या पडलेल्या सायकलचं पुढचं चाक अजून फिरत होतं, हँडल वाकडं झालं होतं. निरंजन घसरत तिच्यापाशी पोचला आणि तिचे खांदे, हात, डोकं चाचपत राहिला.

"आपने ही तो कहा, खाली है," ती म्हणाली. "मुझे लगा, आज पहली बार बाबा मेरे जैसा बोले।"

त्याला समजावून सांगता आलं असतं. चूक कुणाची नव्हती, हेही सिद्ध करता आलं असतं. त्याने फक्त रुमाल काढून तिच्या कोपराला बांधला.

परतताना दोघं सायकली हातात धरून चालत होती. धुकं थोडं वर उचललं होतं. नदीचा एक करडा तुकडा दिसत होता आणि त्यावर स्थिर उभी असलेली नाव. पूर्वा त्या नावेकडे पाहत राहिली, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा काहीतरी गुणगुणू लागली, तुटक, खोल श्वासांच्या मधून.

वळण आलं. निरंजन पुढे होता. त्याने वाकून पलीकडे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. आता हाक द्यायची होती. मागे पूर्वा थांबली होती, हँडल घट्ट धरून, त्याच्या तोंडाकडे बघत.

जिभेवर दोन शब्द आले आणि दोन्ही तिथंच अडकले. त्याने मागे वळून हात पुढे केला.

"चल," तो म्हणाला.

आणि ती आली.