सिरोंच्याची वाट

"पाय टाकला की आवाज येतो बघ," जयवंत म्हणाला. "दगडावर दगड आपटतो तसा नाय. काचेची बांगडी पिचकते ना, तसा बारीक. खाली वाकलास की अकीकाचा रंगीत खडा. नदीनं सोलून ठेवलेला."

"आणि झाड?" अर्बननं विचारलं. गेली दोन वर्षं दर रविवारी तो हे विचारत होता, आणि दर रविवारी नव्यानं ऐकत होता.

"झाड पुढं शेतात. आडवं पडलंय. साल आहे, गाठी आहेत. वाटतं, कुऱ्हाड घातली तर ढलपी निघेल. हात लावलास की थंडगार दगड! पहाटे दव पडलं की आतली वर्तुळं उठून दिसतात. बस मोजत."

वाकोल्याच्या जुन्या गावठाणातल्या अर्बनच्या ओटीवर रेल्वेचं वेळापत्रक आणि जयवंत बरोबर घेऊन यायचा तो कॉलेजातला जुना नकाशा पसरलेला असे. जयवंतचं बोट वर्ध्यावरून बल्लारशाला उतरायचं, तिथून एसटीनं आलापल्लीच्या सागवानात शिरायचं आणि सिरोंच्याला नदीकाठी थांबायचं. ते थांबलं की अर्बनही श्वास सोडायचा.

"जाणार कधी पण?" चहाचे कप ठेवत अर्बनची बायको बर्था म्हणायची. "नकाशा फाटायला आला तुमचा."

अर्बन फरशी पॉलिशचा मिस्त्री होता. अंधेरी-बोरिवलीला बिल्डिंग उभी राहिली, की मोझॅक घासायला त्याला बोलावणं यायचं. तीस वर्षं मशीनचा दांडा धरून तो राखाडी चिखलात उभा होता. पाणी मारलं की खालून हिरवे, तांबडे, पिवळे कपचे वर यायचे. लोक फक्त चकाकी बघायचे, अर्बन कपचे बघायचा. हे सगळे कुठल्या तरी डोंगराचे होते. त्याच्यापर्यंत मात्र दगड आला तो फोडून, चाळून, सिमेंटात घालूनच. अख्खा दगड आपल्या जागी कसा बसलेला असतो, ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

जयवंत भेटला तो कामावरच. एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो शिपाई होता. तिथली फरशी घासता घासता अर्बन काचेच्या कपाटापाशी थबकला, आणि जयवंतनं एक तुकडा काढून त्याच्या ओल्या तळहातावर ठेवला. "लाकूड होतं हे. सिरोंच्याचं." अर्बननं तो नाकाशी नेला. कसलाच वास नव्हता. "तू गेलायस तिकडे?" त्यानं विचारलं. "गेलोय म्हणजे काय!" जयवंत म्हणाला.

तेव्हापासून मशीन फिरताना अर्बनला पायाखाली गोदावरीचं पात्र दिसायचं. बोरिवलीच्या चौथ्या मजल्यावर, पलस्तराचा वास कोंडलेल्या खोलीत, दूरवर सागाची पानं वाजायची.

मग त्याचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, आता बस. अर्बननं मशीन विकलं, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन जानेवारीतल्या शनिवारची दोन तिकिटं काढली.

गाडीला तीन दिवस असताना तो तिकिटं दाखवायला घाटकोपरला जयवंतच्या घरी गेला. दार जयवंतची बायको प्रेमा हिनं उघडलं.

"बघा हो भाऊजी, ताप नाय, काय नाय, सकाळपासून तोंडावर चादर घेऊन पडलेत."

"काय रे, वाट लागली का माझ्या गाइडची?" अर्बन खाटेवर बसला.

 चादरीआडून आवाज आला. घरात, गावच्या माणसांशी बोलायचा तो आवाज होता. "अर्बन, मी थंय, सिरोंच्याक, कधी गेलंयच नाय."

अर्बनला आधी कळलंच नाही.

"पोरं जायची सहलीला. सर जायचे. मी पिशव्या बांधून द्यायचो. ती परत आली की दगडांभोवतीच्या चिंध्या सोडायच्या, माती धुवायची, नंबर चिकटवायचे. अठ्ठावीस वर्षं. एकदा पण कोणी म्हटलं नाय, चल रे." जयवंत उठून बसला. "तुका खोटा सांगितलंय मी."

"ते दव? वर्तुळं?"

"पेटीतल्या तुकड्यावर पाणी मारून बघितलं होतं."

अर्बन उठून बाहेर गॅलरीत गेला. कठड्यावर कुणाच्या तरी गोधड्या वाळत होत्या. दोन वर्षांचे रविवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले. घरी येऊन हा माणूस चहा पीत खोटं बोलत राहिला. त्याला वाटलं, तिकिटं फाडावी आणि सरळ जिना उतरावा. पण जिना उतरायचा म्हटलं की गुडघ्यांची तयारी करावी लागे. तेवढा वेळ तो उभा राहिला, आणि तेवढ्यात एक गोष्ट त्याच्या मनात आली. तो आत वळला.

"बांगडीसारखा आवाज येतो, ते कुणी सांगितलं?"

जयवंत ओशाळला. "ते कोणी नाय. माझ्याच डोक्यातलं."

अर्बननं खिशातली तिकिटं काढून त्याच्यापुढं धरली.

"शनिवारी दुपारी दादरला ये," तो म्हणाला. "नकाशा घेऊन ये. आणि डबा मी आणणार नाय, सांगून ठेवतो."

जयवंत आला. प्रेमावहिनीनं दोघांपुरत्या घावनांचा डबा दिला होता. बल्लारशाला उतरून ते एसटीत बसले.  आलापल्लीच्या पुढं एसटी रिकामी होत गेली. दोन्ही बाजूंनी साग लागला, लाल धूळ खिडकीतून मांडीवर येऊन बसली. कंडक्टरनं विचारलं, "पाव्हणे, आधी आलते का इकडं?"

अर्बननं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"नाय," जयवंत म्हणाला. "आम्ही दोघं पण पहिल्यांदाच."

सकाळी गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना शेताच्या बांधापर्यंत आणलं. कापणी होऊन गेलेली होती. धसकटांच्या पलीकडे, उतारावर, काही तरी लांबट, काळपट आडवं पडलेलं दिसत होतं.

अर्बनचं पाऊल आपोआप उचललं गेलं. मग त्यानं ते मागे घेतलं आणि बांधावर टेकला.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "माझे गुडघे जरा विसावू देत."

जयवंतनं त्याच्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि धसकटं बोचत असताना अनवाणी चालत गेला. तिथं पोचून तो उभाच राहिला. वाकला नाही, हात लावला नाही. नंतर हळूच खाली बसला, पाठमोरा.

म्हाताऱ्यानं अर्बनला खूण केली, चला की. अर्बननं नको म्हणून मान हलवली. ऊन बांधावर येईपर्यंत तो तिथंच बसून राहिला.