विदादमावशींची टोपली

मित्रांनो, मी खजुराच्या पात्यांची एक जुनी टोपली आहे. फय्यूमजवळच्या खेड्यात मला विणलं. कैरोच्या एका अरुंद गल्लीतल्या विदादमावशींनी मला लांब दोरी बांधून चौथ्या मजल्याच्या गॅलरीत टांगलं.

मावशींचे गुडघे धरलेले, जिने उतरवत नसत. म्हणून सकाळ झाली की मीच खाली जाई. हातगाडीवाले हिलालभाई माझ्यात टोमॅटो, काकड्या, मुलुखियाच्या पाल्याची जुडी ठेवत.

"हिलालभाई, कालची काकडी कडू निघाली हो!"

"काकडी नव्हे बाई, तुमची जीभच कडू!" असं म्हणत ते वर एक लिंबू फुकट टाकत.

पुढे पुलाच्या कामासाठी गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले. माणूस जेमतेम अंग चोरून जाई, गाडी कुठली शिरणार? बाजार लांब. कोपऱ्यावरच्या टपरीत नुसती बिस्किटं आणि शेवयांची पाकिटं. मीही तीच वर नेऊ लागले. मावशींना मधुमेह, पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. शेवटी त्यांनी मला खाली सोडणंच बंद केलं. मी गॅलरीत धूळ खात पडले.

समोरच्या घरातल्या नवालच्या ते ध्यानात आलं. ती जिने चढून आली.

"मावशी, टोपली का सोडत नाही?"

"कशाला सोडू गं? बिस्किटांसाठी?"

"मग जेवता काय?"

"घरात उरलेला सुका पाव आणि चहा. चाललंय."

नवाल तडक पत्र्यांच्या फटीतून बाहेर पडली आणि रस्त्यावर उभ्या हिलालभाईंच्या गाडीपाशी गेली. "हिलालभाई, आहात कुठे?"

"गाडी आत येत नाही पोरी, मी काय करू?"

"गाडी राहू दे बाहेर. भाजी आम्ही आणतो!"

तिने दारोदार हाका मारल्या. बायका फटीपाशी उभ्या राहिल्या आणि हातोहात टोपल्या आत आल्या. नवालच्या उंबऱ्यावर भाजी मांडली गेली, भाव हिलालभाईंचाच.

"मावशी, सोडा दोरी!"

मी खाली गेले, ओल्या पाल्याने भरून वर आले. मावशींनी जुडी नाकाशी धरली आणि त्यांचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने घरात लसणाची फोडणी चरचरली.

मग मावशींनी माझ्यात काहीतरी ठेवलं. वाफाळत्या मुलुखियाचा झाकलेला वाडगा! आजवर मी रिकामीच खाली जात असे. त्या दिवशी पहिल्यांदा भरलेली उतरले.

"नवाल, ताट घेऊन बस गं!" वरून हाक आली.

मित्रांनो, आता माझे काठ उसवलेत. एवढंच मागणं आहे: शेजारचं दार बरेच दिवस उघडलं नाही, तर जिने चढून जा. आणि विचारा, "आज काय जेवलात?"