आवाजाची पट्टी

सोनालीनं खुर्चीवरच्या गोधड्या उचलून वीरप्पांना बसायला जागा करून दिली. माडीवरची ती एवढीशी खोली. पेठेतल्या गाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून तिनं खिडकीलाही गोधडी बांधली होती, त्यामुळं भर दुपारी दिवा लावावा लागला.

वीरप्पा बसले नाहीत. मुरुमच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुपारी ते गल्ला सोडून कुठं जात नसत. आज आले होते. खिशातून एक चिठ्ठी काढून ते चष्मा शोधत होते.

"ते गाणं काढून टाक, पोरी," ते म्हणाले. "आमच्या शिवप्रियाचं."

गाणं दोघी मैत्रिणींनी इथंच केलं होतं. शब्द आणि आवाज शिवप्रियाचा. चाल, पेटी आणि लॅपटॉपवर एकावर एक थर रचत सगळं जुळवणं सोनालीचं. चार महिने रविवारच्या दुपारी त्या हेच करत होत्या. इंटरनेटवर टाकल्यावर दीड महिन्यात अकरा हजार लोकांनी ते ऐकलं. कुठल्याशा बाईनं खाली लिहिलं होतं, रोज भाकरी करताना लावते.

"काका, त्यात तिचं नाव नाही. फोटोसुद्धा नाही."

"आवाज हाय की. अणदूरच्या पाहुण्यांनी वळखला. सोयरीक ठरलीय, आन् त्यांच्यात असलं चालत न्हाय."

"शिवप्रिया काय म्हणते?"

वीरप्पांनी फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

"काढ गं," शिवप्रिया म्हणाली. तिनं काय ते विचारलंसुद्धा नाही.

"तुला काढायचंय का?"

पलीकडं भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"अप्पा तिथंच हैत ना?"

"हो."

"मग काढ."

सोनालीनं फोन परत दिला. मग लॅपटॉप उघडून गाणं इंटरनेटवरून काढलं. त्याला काही सेकंद लागले. अकरा हजारांचा आकडा गेला, त्या बाईची भाकरीही गेली.

वीरप्पांनी चिठ्ठी दिव्याजवळ धरली. नवऱ्यामुलाच्या भावानं ती लिहून दिली होती. "आता लॅपटॉपमधलं. आन् मग कचरापेटी. ही कसली?"

"पुसलेलं तिथं जाऊन पडतं."

"मग ती बी रिकामी कर."

पडद्यावर आडव्या आठ पट्ट्या होत्या. सोनालीनं सगळ्यांत वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही आवाजाची. हिच्यातलं तेवढं पुसते. बाकीचं वाजवलेलं माझं आहे, ते राहू द्या."

"तुझं तू ठेव. मला काय करायचंय त्याचं?" ते वाकून बघू लागले. "ही रेघ अशी खालीवर का हाय?"

"जिथं जोरात गाते तिथं फुगते. ही बारीक जागा आहे ना, इथं तिनं श्वास घेतलाय."

वीरप्पा त्या बारीक जागेकडं बघत राहिले.

"काका, तुम्ही ऐकलंय का गाणं?"

"ती घरात कधी गात न्हाय," ते म्हणाले.

सोनालीनं हेडफोन पुढं केला. त्यांनी तो घेतला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मग कुठं खुर्चीत बसले. तिनं गाणं सुरू केलं. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. एक उभी रेघ पट्ट्यांवरून हळूहळू पुढं सरकत होती आणि वीरप्पांची बोटं टोपीची घडी घालत होती, मोडत होती.

गाणं संपलं, पण आवाजाची पट्टी पुढं अजून थोडी शिल्लक होती. त्या दिवशी रेकॉर्डिंग बंद करायला सोनाली विसरली होती. तिथं काय आहे ते तिला ठाऊक होतं: शिवप्रियाचं हसणं, आणि मग, "बाई गं, सहा वाजले! अप्पा दुकानातून यायच्या आत पोचायला पायजे." त्यानंतर जिन्यावर पळणारी पावलं.

ती बंद करायला पुढं झाली. वीरप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. पट्टी संपेपर्यंत ते हलले नाहीत.

हेडफोन काढून त्यांनी तो दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"काढ," ते म्हणाले.

तिनं पट्टी पुसली. मग त्या पट्टीमागच्या फायली, तयार गाण्याची फाइल, आणि शेवटी कचरापेटी. खरंच पुसायचं का, असं लॅपटॉपनं विचारलं, तेव्हा तिनं वीरप्पांकडं बघितलं. ते चिठ्ठीच्या बारीक घड्या घालत होते.

"आन् दुसरीकडं कुठं हाय का?"

"नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

वीरप्पांनी टोपी घातली आणि ते जिना उतरू लागले. चौथ्या पायरीवर थांबले.

"सोनाली."

"काय काका?"

"पुसलेलं परत आणता येत असंल का? कायतरी करून?"

ते खात्री करून घेताहेत, असं तिला वाटलं.

"नाही येत. काळजी करू नका."

"व्हय, व्हय," वीरप्पा म्हणाले. "बरं झालं."

पण ते उतरले नाहीत. भिंतीला हात टेकून हळूच त्याच पायरीवर बसले. खालून सोनालीच्या आईनं चहाला हाक मारली, मग थोड्या वेळानं आणखी एकदा.