लवू खेळत होता

रापणीच्या म्होरक्याने, दीपेश तांडेलाने, लवूच्या हातातून हिसकावला तेव्हाही मोबाईल वाजतच होता. जत्रेतल्या पाळण्यासारखी टिवटिव, आणि मध्येच कुणी बाई हसल्यासारखा आवाज. पडद्यावर पेरू, द्राक्षं, कलिंगडं नाचत होती.

“शिरा पडो तुझ्या तोंडार! बांगडो नाकासमोरसून गेलो रे लवू! आमी हय दोरी धरून बसलव, आणि तू फळां फोडतस?”

लवू वाळूत उभा. अंगात गंजी, खांद्यावर पंचा, आणि हात अजून मोबाईल धरल्यासारखाच पुढे.

“चुकलंय,” तो म्हणाला.

“चुकलंय म्हणता! चुकलंय काय चुलीत घालू?”

रापणीची होडी जाळं घेऊन पाण्यात अर्धगोल फिरते, मग किनाऱ्यावरून सगळी वाडी दोन्ही दोऱ्या ओढते. पण होडी कधी सोडायची ते टेकाडावरच्या माणसाने सांगायचं. खाली माशांचा थवा आला की पाणी काळोखी धरतं, तेव्हा त्याने पंचा उडवायचा. खांदा गेल्यापासून लवूला दोरी ओढवत नव्हती, म्हणून संघाने त्याला टेकाडावर बसवला. त्याची नजरच तशी. बांगडा पाण्याखाली असताना नर की मादी ते लवू सांगेल, असं लोक थट्टेने म्हणायचे, आणि अर्धंअधिक खरंही मानायचे. त्यात दसऱ्यानंतर एवढा जवळ थवा पहिल्यांदाच आलेला. तो पलीकडच्या वाडीच्या जाळ्यात गेला. तिकडच्या बायकांचं हसणं वाऱ्याबरोबर इथवर येत होतं आणि इकडे जाळं होडीत कोरडं ठाक पडलेलं.

सुरूच्या झाडाखाली लवूची सून स्वप्ना पेजेचा डबा घेऊन उभी होती, कडेवर लहानगी रिया. स्वप्ना कट्टा गावची, शेतकऱ्याची मुलगी. मालवणला बी.कॉम. झाली, पण समुद्र काय तो लग्नानंतरच रोज बघायला लागली. तो फळांचा खेळ तिनेच आपल्या जुन्या मोबाईलात घालून दिला होता. गणपतीत म्हाताऱ्याने आपणहून मागितला तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. तेवढाच विरंगुळा.

“ओ तांडेलांनू, देवा त्याचो मोबाईल त्याका,” टोपली कमरेला लावून सुगंधा पुढे आली. मासे विकून विकून तिची जीभ कोयतीसारखी झाली होती. “आमचे बांगडे गेले ते गेले. लवूचे पेरू किती पिकले ता तरी बघूया!”

हशा पिकला. दीपेशने मोबाईल लवूच्या छातीवर आपटला. “खेळ. सगळ्यांका दाखव.”

“नको रे.”

“खेळ म्हणतंय ना!”

तीन पेरू एका ओळीत आणले की फुटतात, एवढाच खेळ. रियाचं बोट चुकून लागलं तरी फुटतात. लवूने बोट टेकवलं ते पडद्याच्या पार कडेला, जिथे काहीच नव्हतं. मग ते खाली ओढलं. काही फुटलं नाही.

“आवशीक खाव! येणा पण नाय रे ह्याका!” पोरं वाळूत लोळायची बाकी राहिली.

स्वप्ना हसली नाही. रांगतं पोर सांभाळताना तिच्या डोळ्यांना एक सवयच लागली होती, हात कुठे जातोय आणि नजर कुठे जातेय ते बघायची. लवूचा हात मोबाईलवर होता. नजर कुठेच नव्हती.

लवूला दिसत नव्हतं.

लवू इतके दिवस खेळत नव्हताच. नुसता मोबाईल वाजवत बसत होता.

“डोळे फुटले काय रे तुझे?” सुगंधा ओरडली. ती आपली शिवीच होती, पण दीपेशचं हसणं थांबलं. मान तिरकी करून तो लवूच्या तोंडाकडे निरखून बघायला लागला.

रापणीला घरटी एक माणूस उभा, तरच घराला मासळीचा वाटा. तिचा नवरा धनेश गोव्याला हॉटेलात, चार-चार महिने पगार अडकलेला. लवू टेकाडावरून उतरला की घराचा वाटा बंद. आंधळ्याला पाण्यावर नजर ठेवायला कोण बसवणार?

स्वप्ना गर्दीतून आत घुसली आणि सासऱ्याच्या हातातून मोबाईल खेचून घेतला.

“त्यांका काय विचारतास? माका विचारा! घरात पण ह्याच! पोर पायाकडे पडान रडला तरी ह्यांका पत्तो नसता. जेवताना ताट खंय, हात खंय, कढी सांडता कपड्यार. दारात माणूस येवन उभो रवलो तरी ओळख नाय. कित्याक? तर खेळ! लाज नाय वाटना ह्या वयात?”

शब्द न् शब्द खरा होता. कारण तेवढं खोटं.

लवूने तिच्या आवाजाकडे तोंड केलं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सुनेचा खरा आसा. व्यसन लागला माका.”

“बाई गे,” सुगंधा गालावर बोट ठेवून म्हणाली, “सासऱ्याक चार लोकात असा? सून म्हणायची की सटवी?”

पण दीपेश निवला. घरच्याच माणसाने एवढी लाज काढल्यावर त्याला काढायला काही उरलं नव्हतं. त्याने स्वप्नाच्या हातातला मोबाईल ओढून वाळूत टाकला आणि त्यावर वल्हं हाणलं. काच फुटली. खेळातली ती बाई दोनदा हसली आणि गप्प झाली.

“आता होडीफुडे नाक घास आणि सांग, परत हात लावचंय नाय म्हणान.”

लवू निघाला तो भलत्याच दिशेला, पाण्याकडे. स्वप्नाने मागून त्याच्या पाठीत हात घातला आणि होडीकडे असा ढकलला, की म्हातारा गुडघ्यांवर पडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पडल्या जागेवरून हाताने होडीचं लाकूड चाचपत लवू पुढे सरकला आणि त्याने नाक घासलं. लोकांना वाटलं, रडतोय.

“सकाळी ये टेकाडार,” दीपेश म्हणाला. “स्वप्ना, तूच बस त्याच्या बाजूक. दुसरो मोबाईल हातात दिसता नये.”

माडांतून घरी जाताना लवू तिच्या पदराचं टोक धरून चालत होता. आता लपवायचं काय?

“कधीपासून, बाबांनू?”

“आधी माणसांची तोंडा गेली. मगे पाणी गेला. डॉक्टराकडे गेल्लंय, एकटोच. डोळ्याची शीर सुकली, म्हणालो. परत येवची नाय.”

“माका सांगूचा तरी.”

“सांगून काय करतलंस? खेळता म्हटल्यार लोक गाळी देतत गो. आंधळो म्हटल्यार घरी बसयतत.” मग तो म्हणाला, “बरा ढकललंस. मी समुद्रात चललेलंय.”

स्वप्नाला हसू आलं, आणि त्या हसण्याची तिला किळस आली.

सकाळी दोघं टेकाडावर बसली. खाली सगळी रापण तयार. मध्येच कुणीतरी ओरडे, “काकांनू, पेरू पिकले काय?” रिया स्वप्नाच्या मांडीत वाळू चिवडत होती.

“काय दिसता?” लवूने ओठ न हलवता विचारलं.

“पाणी.”

“पाणी कसा?”

तिने डोळे ताणून बघितलं. “पाण्यासारखा.”

“तसा नाय गो बाय. काळा खंय दिसता?”

सगळीकडेच थोडं थोडं काळं दिसत होतं. थोडं हिरवं, थोडं करडं. कट्ट्याच्या शेतात तिला करपा कुठला आणि पाण्याची ओढ कुठली ते लांबून कळलं असतं. इथे नुसतंच पाणी. ऊन वर चढलं, आणि मग तिला दिसलं.

“थय. खडपाच्या डावीकडे. मोठा थोरला काळा!”

“हलता?”

“हलता. हयच येता.”

“कड कशी? पाणी उकळल्यासारखा दिसता, की गुळगुळीत?”

उन्हाने पाणी चमकत होतं. तिला कड दिसेना. वर आभाळात तुटक ढग पुष्कळ, कुठल्याची सावली कुठे पडतेय ते लागेना. खाली दीपेशने होडीला हात घातला होता. दोरीवरची माणसं उठून उभी राहिली होती. सगळ्यांची तोंडं टेकाडाकडे.

“स्वप्ना, येळ नाय. बांगडो काय ढग?”

“बांगडो,” ती म्हणाली.

लवू ताडकन उठला. पंचा उडाला. “सोडा! सोडा रे!”

आरोळी उठली. होडी पाण्यात गेली, वल्ही पडायला लागली, जाळं सरसर सुटत गेलं. “लवूकाकांची नजर ती नजर!” सुगंधा खालून ओरडली. म्हातारा तोंडभर हसला.

काळं जवळ आलं. ते जाळ्याच्या आत शिरलं, न थांबता होडीवरून गेलं. मग पाण्यातून वाळूवर चढलं, माणसांच्या पाठींवरून सरकत टेकाडावर आलं. रियाचं तोंड काळवंडलं. लवूच्या उघड्या खांद्यांवरचं ऊन गेलं आणि त्याचं हसू तिथेच थिजलं. मग ढग सरला, पुन्हा ऊन पडलं.

वर उचललेला पंचा त्याने तसाच धरून ठेवला.

खाली माणसं दोरी ओढायला लागली.