चौकीच्या भिंतीखाली ईस्टर

“टोपल्या उचला आणि घरी जा, बायांनो!” गावचा मुखिया वालेंटी कळवळून म्हणाला. “जर्मन गोळी घालतील.”

“घालू देत. तुला नाही ना घालणार? त्यांचे बूट चाटून जिभेला चामड्याची चव लागलीय तुझ्या,” सालोमेआ फाडकन बोलली.

फादर हिएरोनिम या पोलिश गावात आले तेव्हापासून सालोमेआच त्यांची चूल सांभाळत होती. माणूस म्हणजे लोण्याचा गोळा. अंगणातल्या बदकांना घाबरून मागच्या दाराने चर्चमध्ये जायचा. प्रवचनाला उभा राहिला की अडखळायचा. उपासाच्या दिवसांत टांगलेल्या सॉसेजचा नुसता वास घ्यायला स्वयंपाकघरात घुटमळायचा. असल्या माणसाला जर्मनांनी शत्रू म्हणून धरलं! गुन्हा काय, तर मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या पापांची कबुली पोलिश भाषेत ऐकली. देवाशीसुद्धा जर्मनमध्येच बोलायचं म्हणे. मेल्यांनो, मरताना माणूस आईच्या भाषेत रडणार की तुमच्या?

उद्या ईस्टर आणि चर्चला कुलूप. फादरांचा आशीर्वाद मिळाल्याशिवाय ईस्टरच्या टोपलीतलं अंडं, पाव, मीठ गावात कुणी तोंडात घालत नसे. म्हणून बायकांनी टोपल्या थेट चौकीच्या भिंतीखाली, फादरांच्या कोठडीच्या खिडकीसमोर मांडल्या होत्या.

“फादर, अंडी आणलीत!” सालोमेआने हाक मारली.

“परत जा, सालोमेआबाई,” गजांआडून आवाज आला. “दम दिलाय मला. पुन्हा पोलिशमधून प्रार्थना ऐकू आली तर इथंच संपवतील.”

सालोमेआ खिडकीजवळ सरकली. “मग तोंड मिटा हो. नुसता हात फिरवा. देवाला कळेल.”

“देवाला कळेल. पण तुम्ही ऐकायला आलात ना?” आत ते हसले. “जन्मभर प्रवचनं बिघडवली. एवढं तरी नीट म्हणू द्या.”

आणि कुठेही न अडखळता त्यांनी सगळी प्रार्थना पोलिशमधून म्हटली. गजांतून बाहेर आलेल्या हाताने टोपल्यांवर क्रूस काढला. आत दार आपटलं. गोळी वाजली. हात आत घसरला.

शिपाई बाहेर आला आणि लाथांनी टोपल्या उधळत सुटला. बायका चिखलात गुडघ्यांवर बसल्या. घाबरल्या असं वाटून तो हसला. त्या मात्र फुटलेली अंडी वेचत होत्या. आशीर्वादाच्या अंड्याचं टरफलसुद्धा कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नसतं.

वेचत वेचत सालोमेआ त्याच्यापर्यंत सरकली. त्याच्या बुटाखाली एक तुकडा होता.

“पाय उचल,” ती पोलिशमध्येच म्हणाली.

त्याला भाषा कळली नाही. तिने बोटाने बुटावर टकटक केलं आणि मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने पाय उचलला.

तिने टरफल घेतलं, चिखल पुसला, आणि ओच्यात ठेवलं.