कोळ्याची नवरी

कवितेतली नवरी सतरा वर्षांची. नवऱ्याची होडी परतलेली नाही, आणि ती भर वाऱ्यात खडकावर कंदील धरून उभी आहे. नाताळात भेट द्यायच्या एका पुस्तकासाठी हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं काम माझ्या नवऱ्याला, एनॉकला, मिळालं होतं. समोर उभी करायला बाहेरून पोरगी आणायची, तर तिला चहा-पाव आणि वर गप्पाही द्याव्या लागतात. तेव्हा शाल पांघरून मीच उभी राहिले. कंदिलाच्या जागी हातात किटली.

चेहरा तेवढा एनॉक मनानं घालणार होता. पण पहिला छाप निघाला तर खडकावर मीच! पंचेचाळिशीची, गाल ओघळलेली, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. माझं चित्र आजवर कुणी काढलं नव्हतं. मी ते इतका वेळ बघत बसले की चुलीवरचं मटण करपलं.

प्रकाशक पिल्बीमसाहेबांनी छाप उजेडात धरला. "मिस्टर थ्रेल, ही नवरी नाही हो, नवरीची सासू आहे. आणि ही रडायची कसली? नवरा घरी आला की त्याला जाब विचारणार आहे." चेहरा बदला, नाहीतर पत्रा दुसऱ्याकडे देतो, असंही त्यांनी सांगितलं.

एनॉक घरी आला तो हटूनच बसला. बदलणार नाही म्हणे. मी त्याला समजावलं, अरे, चेहरा रोज समोर असतोच की, तांब्यावर कशाला हवा? मनातून मला तो तिथंच हवा होता. पण हातचं काम जाऊ द्यायचं नव्हतं.

शेवटी त्यानं चेहरा खरवडला. तसं केलं की पत्र्याला खळगा पडतो, खळग्यात शाई साचते आणि कागदावर काळा डाग उठतो. म्हणून पत्रा ऐरणीवर पालथा घालायचा, परकारानं नेमकी मागची जागा शोधायची आणि ठोकून खळगा वर आणायचा. एनॉकनं हे जन्मभर केलेलं. त्यानं जागा शोधली, खडूनं खूण केली, हातोडी उचलली आणि खाली ठेवली.

"काय झालं?"

"हाताला घाम आलाय."

हात पुसून त्यानं हातोडी पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"आण इकडे," मी म्हणाले. "मटण काय कमी ठोकलंय मी? तू नुसता धर."

त्यानं पत्रा दोन्ही हातांनी धरला. मी पहिला ठोका घातला.

"हळू, हेटी," तो म्हणाला. "लागेल."

"कुणाला?"

त्यानं पत्रा आणखी घट्ट धरला, आणि मी हळू ठोकू लागले.