चाड्यावरची मूठ

गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस कण्हत, वाकत गोजरबाईच्या अंगणात यायचं. गोजरबाई पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. अशा माणसानं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण पळते, असं सारं गाव मानायचं. ती हळूच डावा पाय लावायची आणि लोक "गेली बघा!" म्हणत ताठ होऊन घरी जायचे.

पण पायाळूचीच कंबर धरली तर तिनं कुणाच्या दारात जावं?

दुष्काळी कामावर गोजरबाईनं उन्हाळाभर बसून खडी फोडली, तेव्हाच दुखण्यानं तिचं घर हेरून ठेवलं. ते कमरेतून निघायचं, मांडीमागून उतरायचं, पोटरीत तापल्या तारेसारखं सरकायचं आणि अंगठ्यात मुंग्या होऊन बसायचं. आठवडा-पंधरवडा मुक्काम करायचं, निघून जायचं. विसरावं तोवर पुन्हा दारात.

या खेपेला आलं ते ऐन पेरणीत. दुष्काळ सरला होता. शेवगावकडच्या त्यांच्या काळ्या रानाला वाफसा आला होता. ना चिखल, ना कोरड. ही ओल उडाली की रानाचा दगड व्हायचा. घरात शाळूचं, रब्बी ज्वारीचं, बियाणं होतं तेवढंच, राखेत घोळून मडक्यात जपलेलं. उपाशी दिवसांतही त्याला कुणी हात लावला नव्हता. दाट पडलं तर अर्ध्या रानातच संपेल, आणि दुसऱ्यांदा पेरायला दाणा नाही. बैल ओढतात त्या पेरणीच्या पाभरीवर, तिच्या चाड्यात, म्हणजे लाकडी वाटीत, मुठीतून सारखे दाणे सोडत चालणं हे घरात एकट्या गोजरबाईला साधायचं. शेजारीपाजारी सगळे आपापल्या रानात.

"मी धरते मूठ," धाकटी जाऊ रतनबाई म्हणाली.

"तू? तुज्या हातनं कालवनात मीठ सारखं पडत न्हाई," सासू कडूबाईनं तिला गप्प केलं. "पायाळूला पायाळूच लागतो."

तिनं शेजारच्या गावचा म्हातारा पुंजाराम बोलावून आणला. त्यानं पालथ्या पडलेल्या गोजरबाईकडं पाहून धोतर सावरलं. "दुखनं जुनं हाय. पाय बी तसाच लागंल." आणि हाणली लाथ.

कमरेपासून अंगठ्यापर्यंत वीज गेली. "मेले गं आई!" गोजरबाई भिंत धरून उठली. "आत्याबाई, ही उसण न्हाई! ह्या बाबाला आदी घरी लावा!"

तिला निजवेना, बसवेना. रागारागानं ती अंगणात येरझाऱ्या घालू लागली. चुलीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून चुलीपर्यंत. उन्हं कलली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, पोटरीतली तार निवत चालली होती. जेवायला टेकली, तशी तार पुन्हा पेटली. ती भाकरी घेऊन उठली.

"उब्यानं घास? घोडं हाईस का तू?" कडूबाई म्हणाली.

"घोडंच समजा. फकस्त बसवू नका."

पहाटे नवरा सहादेव बैल सोडत होता. छावणीतून वाचून आलेली जोडी, बरगड्या अजून दिसत होत्या.

"मी येते," गोजरबाई म्हणाली.

"अगं, रानात पडलीस मंजी?"

"पडले तर उचला. निजून ऱ्हायले तर रान पडीक ऱ्हाईल."

बियाण्याची ओटी बांधली तर कंबर ओढली जाते, म्हणून तिनं पिशवी खांद्यावरून छातीवर घेतली. वाकायला नको म्हणून रतनबाई बांधावर मडकं घेऊन उभी राहिली. "रतने, वाकायची कंबर आज तुजी," गोजरबाई म्हणाली.

पहिल्या तासाला, पेरणीच्या पहिल्याच ओळीला, डोळ्यांत पाणी आलं. सहादेवनं बैल आवरले.

"चालू द्या त्यास्नी. थांबलं की लई कळ येती."

चालता चालता पावलाला ताल सापडला, आणि ओवी ओठावर आली:

*दुखन्या पाहुन्या रं, बस बांधाच्या सावलीला*
*माजी मूठ चाड्यावर, न्हाई सवड बोलायाला*

बांधावरून रतनबाईनं साद दिली:

*जाऊ माजी चालं बाई, काळ्या रानाच्या मधोमधी*
*दाना दान्याला इचारी, आपुन उगायचं कंदी*

दुपारी मात्र घात झाला. बोलण्याच्या नादात गोजरबाई बांधावर टेकली, आणि उठता उठेना. पाय बधिर, तोंड पांढरंफटक.

"बास झालं," सहादेव म्हणाला. "ऱ्हायलेलं रतनबाई टाकील."

गोजरबाईनं रतनबाईकडं पाहिलं. ती मडक्याला कवटाळून भ्यालेली उभी होती. गोजरबाईनं बाभळीला धरलं, दात आवळले, उभी राहिली. आधी बांधानं चालली, लंगडत. मग कमी लंगडत. मग पाभरीमागं जाऊन तिनं चाड्यावर मूठ धरली.

"हाना बैल!"

दिवस मावळताना शेवटचं तास धरलं. पिशवीच्या तळाशी मूठभर दाणे उरले होते, तेही संपले ते रानाच्या कडेलाच. सहादेवनं बैलांच्या आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुखणं गेलं नाही. पोटरीत ते चावतच होतं. पण आता तिला त्याची खोड कळली होती, आणि ती रोज चालत होती.

शाळू उगवला त्या सकाळी कडूबाई काठी टेकत रानात आली. हिरव्या ओळी या बांधापासून त्या बांधापर्यंत, कुठं दाटी नाही, कुठं खंड नाही. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि एकेक कोंब निरखू लागली.

"एक बी तास चुकलं न्हाई गं, गोजर!"

गोजरबाई बांधावर ताठ उभी होती. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता.

"वाकू नका, आत्याबाई," ती हसली. "हितनं उब्यानं समदं दिसतंय."